सरळ, आडवे आणि आगाऊ

सचिन तेंडुलकरची एक अजरामर खेळी ओळखली जाते ती न मारलेल्या फटक्यासाठी. जानेवारी २००४, सिडनी. त्या मालिकेत तोवर त्याच्या धावा होत्या ०, १, ३७, ०, ४४. ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट लावून बाद होण्याचा त्याला स्वतःलाच वीट आला असावा. शेवटच्या कसोटीत त्यानं ठरवलं, कव्हर ड्राइव्ह बंद. ब्रेट ली आणि गिलेस्पी ऑफ स्टंपबाहेर आमिष टाकत राहिले, हा ढुंकून पाहीना. समोर लक्ष्मण पोतडीतले सगळे फटके काढून १७८ करून गेला, तरी याचा मोह चाळवला नाही. ४३६ चेंडू, दहा तासांहून जास्त वेळ, नाबाद २४१, आणि बहुतेक धावा लेगला. डाव देखणा होता का? खरं सांगायचं तर नाही. पण ज्याच्या कव्हर ड्राइव्हसाठी लोक ऑफिसला दांड्या मारत, त्यानं तोच फटका दहा तास कपाटात ठेवला. आवडत्या फटक्यांच्या गप्पांत ही गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढे येणारे बहुतेक जण असा संयम पाळणारे नाहीत.

सनीचा हुक

सनीची, म्हणजे गावस्करची, गोष्ट नेमकी उलटी. त्यानं हुक वर्षानुवर्षं माळ्यावर टाकला होता. उसळता चेंडू आला की मान काढून घ्यायची, बॅट खाली, पुढचा चेंडू. मुंबईच्या शाळेत हेच शिकवतात. १९८३ साली वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. विश्वचषक हातचा गेल्याचा राग होताच. कानपूरच्या कसोटीत माल्कम मार्शलच्या एका चेंडूनं सनीच्या हातातली बॅटच उडवली. वर्तमानपत्रांनी त्याला म्हातारा ठरवायला घेतलं. पुढची कसोटी दिल्लीत. फिरोजशाह कोटलावर मार्शलनं आपटून टाकलं आणि सनीनं चक्क हुक मारला. मग पुन्हा मारला. ९४ चेंडूंत शतक झालं, डाव १२१ वर संपला. हे त्याचं २९ वं कसोटी शतक, म्हणजे ब्रॅडमनच्या विक्रमाची बरोबरी. जन्मभर संयमाचा पाठ गिरवलेल्या माणसानं ही बरोबरी आडव्या बॅटनं साधली.

याच माणसानं रणजीत डावखुरी फलंदाजी केल्याचं आज सांगितलं तर नव्या पोरांना थाप वाटते. १९८१-८२ चा उपांत्य सामना, बंगळुरू, समोर कर्नाटक. खेळपट्टीवर डावखुऱ्या रघुराम भटचा चेंडू हातभर वळत होता आणि मुंबईची फलंदाजी त्याच्यापुढे कोलमडली होती. उजव्या हातानं खेळलं तर चेंडू बाहेर पळतो, कडेला लागतो. डाव्या हातानं उभं राहिलं तर तोच चेंडू आत येतो, पॅडवर घेता येतो. सनीनं भटला डाव्या हातानं आणि बाकीच्यांना उजव्या हातानं खेळून काढलं. नाबाद १८. अंतिम फेरीत कर्नाटकच गेलं, पण सनीला बाद करायचं काही जमलं नाही.

दहा हजाराव्या कसोटी धावेचं काय? मार्च १९८७, अहमदाबाद, गोलंदाज पाकिस्तानचा इजाज फकीह. ना ड्राइव्ह, ना हुक, सनीनं लेट कट केला. चेंडू यष्टिरक्षकाच्या जवळून जाईपर्यंत थांबायचं आणि मग हळूच त्याची दिशा बदलायची. विजय मर्चंट यांचा हा लाडका फटका. मुंबईचा माणूस मुंबईच्या फटक्यावर शिखरावर पोचला, हे आम्हां मुंबईकरांना सांगायला बरं वाटतं.

पाय बांधून शिकवलेला ग्लान्स

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश सभ्य गृहस्थाला लेग साइडला मारणं थोडं कमीपणाचं वाटे. धावा काढायच्या त्या ऑफला, ड्राइव्ह मारून, कोपर वर ठेवून. मग केंब्रिजला आला नवानगरचा राजपुत्र रणजितसिंहजी. वेगवान चेंडू आला की त्याचा उजवा पाय मागे सरके. शिकवणाऱ्या डॅन हेवर्डनं तो पायच जमिनीला जखडून टाकला, असं सांगतात. आता चेंडू अंगावर आला तर करायचं काय? डावा पाय आडवा टाकायचा आणि मनगटानं चेंडूला वाट दाखवायची. लेग ग्लान्स हा असा भित्र्या पायाच्या बंदोबस्तातून आला.

१८९६ मध्ये मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्याच कसोटीत रणजीनं ६२ आणि नाबाद १५४ केल्या. ज्याच्या नावाची ट्रॉफी मुंबईनं चाळीसहून अधिक वेळा घरी आणली, तो गृहस्थ खेळला मात्र इंग्लंडकडून.

झाडू उलटा, झाडू सुलटा

५ नोव्हेंबर १९८७. ही तारीख वानखेडेवर हजर असलेल्या माणसाला विचारू नका. विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर इंग्लंड. भारताची मदार मणिंदर सिंग आणि रवी शास्त्री या दोन डावखुऱ्या फिरकीपटूंवर. ग्रॅहम गूचनं आधीच्या दिवसांत इथलेच स्थानिक डावखुरे फिरकी गोलंदाज नेटमध्ये बोलावले आणि त्यांना एकच फटका मारत बसला. स्वीप. मग स्वीप. कंटाळा आला की स्वीप. सामन्यात यष्ट्यांवरचा, बाहेरचा, आखूड, पुढचा, सगळा माल त्यानं गुडघ्यावर बसून लेगला लोटला. ११५ धावा. इतक्या एकसुरी शतकानं इतकं मोठं नुकसान दुसऱ्या कुणी केलं असेल तर मला माहीत नाही.

भारताला हव्या होत्या २५५. कपिल खेळत होता तोवर आशा होती. ३० वर असताना त्यानं ऑफस्पिनर एडी हेमिंग्जला उंच मारला आणि मिडविकेटच्या सीमेजवळ माइक गॅटिंगनं झेल घेतला. भारत ३५ धावांनी हरला. सनीचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना, घरच्या मैदानावर, ४ धावांवर त्रिफळा. कपिलचं कर्णधारपदही त्यानंतर गेलं. हेमिंग्ज हे नाव लक्षात ठेवा.

तीनच दिवसांनी ईडन गार्डन्सवर अंतिम सामना होता, आणि नियतीनं हिशेब केला तो त्याच फटक्याच्या उलट्या भावाकडून. इंग्लंड २ बाद १३५, पाठलाग २५४ चा, गॅटिंग ४१ वर मजेत. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ॲलन बॉर्डर स्वतः गोलंदाजीला आला, नेहमी गोलंदाजी न करणारा माणूस. त्याचा पहिलाच चेंडू. गॅटिंगनं रिव्हर्स स्वीप मारला. कड लागली, चेंडू खांद्यावर आदळून उडाला आणि यष्टिरक्षक ग्रेग डायरनं झेलला. इंग्लंड ७ धावांनी हरलं. त्यानंतर कितीतरी वर्षं इंग्लंडमध्ये हा फटका म्हणजे घराण्याला लागलेला डाग होता.

नाही म्हणायला आधीच ताकीद मिळाली होती. १९८५ मध्ये इयान बोथम रिव्हर्स स्वीपच्या नादात बाद झाला, तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष पीटर मे यांनी एमसीसीच्या प्रशिक्षण पुस्तकात असा फटकाच नाही, असं बजावलं होतं. फटका मात्र होता. पाकिस्तानचा मुश्ताक मोहम्मद साठच्या दशकातच तो खेळत होता. पुस्तकाला पत्ता नव्हता, एवढंच.

आता गंमत बघा. मार्च २०२१, अहमदाबाद. जेम्स अँडरसनच्या हातात नवा कोरा दुसरा चेंडू. ऋषभ पंत नव्वदीच्या घरात जाऊ पाहतोय. त्यानं बॅट उलटी फिरवली आणि कसोटी इतिहासातल्या सर्वांत यशस्वी वेगवान गोलंदाजाला स्लिपच्या डोक्यावरून चौकार मारला. गोलंदाज वेगवान, चेंडू नवा, सामना कसोटी. पीटर मे यांनी हे पाहिलं असतं तर पुस्तक बंद करून बागकाम सुरू केलं असतं.

देवाच्या भरवशावर मागे

चेंडू पुढून येतो, मग मागे का मारायचा? कारण मागे कुणी नसतं. बॉडीलाइनचे चटके बसल्यावर क्रिकेटनं पुढे नियम आणला की लेगला स्क्वेअरच्या मागे दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतील. शिवाय यष्टिरक्षकाच्या थेट पाठीमागे सीमेवर माणूस उभा करायला कोणत्या कर्णधाराचं मन धजतं? आणि ताशी १४० किलोमीटर वेगानं आलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. एवढा वेग आयता मिळाल्यावर फलंदाजानं जोर कशाला लावायचा? बॅटची फक्त घसरगुंडी करून द्यायची.

हे गणित झिम्बाब्वेच्या डग्लस मॅरिलिअरनं मांडलं. आधी २००१ मध्ये पर्थला चक्क ग्लेन मॅग्रावर प्रयोग केला. मग ७ मार्च २००२ ला फरिदाबादला तो दहाव्या क्रमांकावर उतरला, तेव्हा २७५ च्या पाठलागात झिम्बाब्वे जवळजवळ संपलं होतं. भारतीय प्रेक्षक उठून स्कूटर काढायच्या विचारात. मॅरिलिअर ऑफ स्टंपबाहेर सरकतो, बॅटचं पातं आडवं पसरतो आणि झहीर खानचे चेंडू खांद्यावरून फाइन लेगला पाठवतो. २४ चेंडूंत नाबाद ५६, झिम्बाब्वे एका गड्यानं विजयी. त्या काळात त्याला लोक मॅरिलिअर शॉट म्हणत. पुढे २००९ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकात श्रीलंकेच्या तिलकरत्ने दिलशाननं गुडघा टेकवून चेंडू थेट स्वतःच्या डोक्यावरून मागे उडवायला सुरुवात केली आणि नाव पडलं दिलस्कूप. बिचारा मॅरिलिअर. पेटंटच्या कचेरीत वेळेवर पोचायला हवं होतं.

सिनेमावाल्यांचा इथे हक्काचा मुद्दा असतो. आशुतोष गोवारीकरचा ‘लगान’ आला २००१ मध्ये, कथानक १८९३ चं, आणि त्यातला गुरन ज्योतिषी चेंडू मागच्या मागे भिरकावतो. तेव्हा आम्ही हसलो होतो. आज तो आयपीएलच्या लिलावात गेला असता.

पण स्कूपनं आपल्याला सगळ्यात मोठं दान दिलं ते २४ सप्टेंबर २००७ ला, जोहान्सबर्गमध्ये. पहिल्या ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना. पाकिस्तानला ४ चेंडूंत ६ धावा हव्या, शेवटचा गडी, खेळपट्टीवर मिसबाह-उल-हक. गोलंदाज जोगिंदर शर्मा. वेग बेताचाच. आणि तिथेच घोळ झाला, कारण उसन्या वेगावर चालणाऱ्या फटक्याला उधार देणारा सावकार दमदार लागतो. मिसबाह सरकला, चेंडू वर गेला, पण लांब गेला नाही. शॉर्ट फाइन लेगला श्रीशांत. पुढचं सांगायला नको. भारतात आयपीएलचं दुकान सहा-सात महिन्यांत उघडलं आणि धडाक्यात चाललं, त्यात त्या चुकलेल्या स्कूपचा वाटा कुणी मोजत नाही.

या घराण्यातला सगळ्यात नवा वारस आपल्या चेंबूरचा. सूर्यकुमार यादव अणुशक्तीनगरात वाढला. सिमेंटवर रबरी चेंडूनं खेळता खेळता हा फटका हाताला बसला, असं तो सांगतो. त्याच्या त्या फटक्याला मुंबईच्या टेनिस क्रिकेटमधलंच नाव आहे, सुपला. सुपातून धान्य पाखडताना मनगटाला जो हिसका देतात, तोच. ६ नोव्हेंबर २०२२ ला मेलबर्नला झिम्बाब्वेच्या एन्गारावानं चेंडू ऑफ स्टंपच्या बराच बाहेर टाकला. सूर्या तिथवर गेला, गुडघ्यावर आडवा होत त्यानं तो चेंडू फाइन लेगवरून प्रेक्षकांत टाकला. ऑफच्या बाहेरचा चेंडू लेगच्या मागे! २५ चेंडूंत नाबाद ६१. टीव्हीवरच्या तज्ज्ञांनी भूमिती काढली, कोन मोजले. चेंबूरच्या पोरांना कोन माहीतच होता. गल्लीत समोर काच असते, बाजूला गटार असतं, मागची भिंतच तेवढी मोकळी.

चपाती, नटराज आणि हेलिकॉप्टर

फटक्यांना नावं ठेवण्यात आपल्या लोकांचा हात धरणारा कुणी नाही. रवी शास्त्री पायावरचा चेंडू मनगट वळवून लेगला सारायचा, तो चपाती शॉट. तव्यावर उलटावी तसं बॅटचं पातं उलटायचं. दिसायला अजिबात देखणा नाही, पोट भरण्याची सोय मात्र पक्की. शास्त्री कंटाळवाणा खेळतो म्हणून वानखेडेवर त्याची हुर्यो उडायची. त्याच वानखेडेवर १० जानेवारी १९८५ ला बडोद्याविरुद्ध त्यानं डावखुऱ्या तिलक राजच्या एका षटकात सहा षटकार मारले आणि ११३ मिनिटांत द्विशतक पुरं केलं. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्याआधी सहा चेंडूंत सहा षटकार फक्त गॅरी सोबर्सनं मारले होते, १९६८ मध्ये. चपातीवाल्यानं त्या दिवशी पुरणपोळी वाढली.

कपिलचा नटराज शॉट म्हणजे पुलच. फक्त पुल मारताना पुढचा पाय हवेत, शरीर गोल फिरलेलं. त्याचे फोटो पुष्कळ आहेत, पण ज्या डावात तो डोळे भरून पाहायचा तोच डाव पाहता येत नाही. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध ५ बाद १७ वरून नाबाद १७५. त्या दिवशी बीबीसीत संप होता म्हणतात, चित्रीकरण नाही. त्यामुळे प्रत्येकानं तो आपापल्या मनात पाहिलाय, आणि प्रत्येकाच्या मनातला षटकार दुसऱ्याच्या षटकारापेक्षा दहा यार्ड लांब आहे.

धोनीचा हेलिकॉप्टर मात्र लाखो वेळा पाहून झालाय. पायाशी येणारा यॉर्कर हा शेवटच्या षटकांतलं गोलंदाजाचं ब्रह्मास्त्र. तो उचलून मारायला जागाच नसते. मग खालचा हात ताकदीनं ओढायचा, मनगट शेवटच्या क्षणी तोडायचं आणि बॅट डोक्यावरून गरगरा जाऊ द्यायची. ती गरगर शोभेसाठी नाही, एवढा जोर थांबवणार कुठे? हा फटका धोनीनं रांचीतल्या संतोष लाल या मित्राकडून उचलला, टेनिस चेंडूच्या सामन्यांत. तिकडे त्याला थप्पड शॉट म्हणायचे. वानखेडेवर २ एप्रिल २०११ ला कुलसेकराला मारलेला विजयी षटकार अस्सल हेलिकॉप्टर होता की साधा लॉफ्टेड ड्राइव्ह, यावर अजूनही चहाच्या टपरीवर भांडणं होतात. माझं मत ड्राइव्हच्या बाजूनं. मारून झाल्यावर बॅट गरगर फिरवली म्हणून काही हेलिकॉप्टर होत नाही.

उजवा की डावा?

सचिन फलंदाजी उजव्या हातानं करतो, सही डाव्या हातानं. गांगुली फलंदाजी डाव्या हातानं, बाकी सगळं उजव्या हातानं. थोरल्या भावाचं डावखुऱ्याचं साहित्य घरात पडलेलं होतं, म्हणून. सांगलीची स्मृती मानधनाही तशीच, भावाच्या पाठोपाठ डावखुरी झाली, लिहिण्या-जेवण्यासाठी उजवाच हात. तिघांमध्ये साम्य असं की जोरदार हात बॅटच्या मुठीवर वरच्या बाजूला येतो. आणि ड्राइव्ह हा वरच्या हाताचा खेळ. खालचा हात फार पुढे पुढे करायला लागला की चेंडू हवेत जातो. सचिनचा स्ट्रेट ड्राइव्ह, गांगुली आणि स्मृतीचा कव्हर ड्राइव्ह एकामागोमाग पाहा, खालचा हात नुसता पाहुणा वाटतो. स्मृतीनं २०१३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध १९ वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ केल्या होत्या. बॅट होती राहुल द्रविडची.

केविन पीटरसननं तर हातच बदलून टाकले. जून २००८, न्यूझीलंडचा स्कॉट स्टायरिस धावत यायला लागल्यावर पीटरसन उजव्याचा डावखुरा झाला आणि दोन षटकार मारले. गोलंदाजानं हात बदलायचा असेल तर आधी पंचाला सांगावं लागतं. मग फलंदाजाला मोकळीक का, असा गदारोळ झाला. एमसीसीनं दोन दिवसांत फटका कायदेशीर ठरवला. कायद्याची खोच अशी की पायचीतच्या निर्णयासाठी ऑफ कुठला आणि लेग कुठला हे गोलंदाज धावायला लागताना फलंदाज कसा उभा होता त्यावर ठरतं. मधल्या वेळात त्यानं शीर्षासन केलं तरी लेग तो लेगच.

षटकार महाग होते तेव्हा

पूर्वी सीमेपार टप्पा पडला तरी इंग्लंडमध्ये चारच धावा मिळत. सहा हव्या तर चेंडू मैदानाच्याच बाहेर घालवावा लागे. कसोटीतला पहिला असा षटकार ऑस्ट्रेलियाच्या जो डार्लिंगनं १८९८ मध्ये ॲडलेडला मारला. लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनवरून चेंडू पलीकडे टाकणारा माणूस आजतागायत एकच, अल्बर्ट ट्रॉट, जुलै १८९९. आजच्या जाडजूड बॅटी घेऊनही कुणाला ते जमलेलं नाही. त्या बॅटींची कडही २०१७ पासून ४० मिलिमीटरच्या वर चालत नाही, नाहीतर कड लागून षटकार जायला लागले होते.

ब्रॅडमननं ५२ कसोटींत ६,९९६ धावा केल्या, त्यात षटकार फक्त सहा. उंच मारलंच नाही तर झेल द्यायचा प्रश्नच येत नाही, इतका सरळ हिशेब. आता हे पाहा: १ डिसेंबर १९२६ ला बॉम्बे जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडूंनी १५३ धावांच्या एका डावात ११ षटकार हाणले. सहा वर्षांनी भारताला कसोटी दर्जा मिळाला तेव्हा पहिले कर्णधार तेच. आणि मुंबईकर यशस्वी जयस्वालनं २०२४ मध्ये राजकोट कसोटीत नाबाद २१४ करताना एका डावात १२ मारले, म्हणजे ब्रॅडमनची अख्खी कारकीर्द गुणिले दोन.

मुंबईच्या फलंदाजांना उंच मारायला पावसानं शिकवलं, असं माझं जुनं मत आहे. १९४८ पासून ऐन पावसाळ्यात कांगा लीग चालते. मैदानावर गवत माजलेलं, चिखल. तुमचा शिवाजी पार्क छाप देखणा ग्राउंड ड्राइव्ह गवतात तीस यार्डांवर जाऊन बसतो. धावा हव्यात तर चेंडू वरून घालवा. उलट बोरिवलीत सिमेंटच्या खेळपट्टीवर वाढलेल्या रोहित शर्माला चेंडू छातीशी यायचा, म्हणून त्याचा पुल पुढच्या पायावरचा, आरामखुर्चीत बसून मारल्यासारखा.

नवं ते जुनंच

२०१७ च्या महिला विश्वचषकात इंग्लंडच्या नॅटली सिव्हरनं चेंडू स्वतःच्या दोन पायांमधून मागे काढला. जगानं डोळे विस्फारले, नॅटमेग असं नाव दिलं. व्हिक्टोरियन काळातल्या खेळाडूंनी मात्र जांभई दिली असती. पाय आणि यष्ट्या यांच्या फटीतून चेंडू मागे सारण्याच्या त्यांच्या फटक्याला ड्रॉ म्हणत आणि तो रीतसर शिकवला जाई. आपण आतल्या कडेनं चुकून तिकडे चेंडू घालवतो तेव्हा त्याला चायनीज कट म्हणतो आणि गोलंदाज आकाशाकडे पाहतो.

आता माझा

गुंडाप्पा विश्वनाथचा, म्हणजे आपल्या विशीचा, स्क्वेअर कट. जेमतेम सव्वापाच फुटांचा माणूस, बॅट खाली येताना झाडाची फांदी पडावी तशी नाही, खटका दाबावा तशी. जानेवारी १९७५, मद्रासचं चेपॉक, अँडी रॉबर्ट्सनं ७ बळी घेतलेल्या डावात भारताच्या १९० पैकी विशीच्या नाबाद ९७. शतक हुकलं तरी त्या डावापुढे कित्येक शतकं फिकी. सनीनं मुलाचं नाव रोहन जयविश्व ठेवलं, त्यातला विश्व तो हा. (रोहन म्हणजे कन्हाय, जो हुक आणि स्वीप मारताना खेळपट्टीवर सपशेल आडवा पडायचा. जय म्हणजे जयसिंहा.) मैत्री पुढे नात्यात गेली, विशीनं सनीच्या बहिणीशी, कविताशी लग्न केलं.

दुसऱ्या क्रमांकावर संदीप पाटील. सिडनीला लेन पास्कोचा चेंडू डोक्यावर बसून जायबंदी झाला, पुढच्याच कसोटीत ॲडलेडला १७४. आणि १९८२ च्या ओल्ड ट्रॅफर्डला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार, मध्ये एक नोबॉल. इंग्लंडचा कर्णधारही विलिसच, त्यामुळे गोलंदाज बदलायला सांगणार कोणाला?

आणि हेमिंग्ज राहिला. लॉर्ड्स, जुलै १९९०. गूचनं यावेळी स्वीपच्या पलीकडचेही फटके वापरून ३३३ केल्या, इंग्लंडनं ६५३ वर डाव सोडला. भारत ९ बाद ४३०. फॉलोऑन टाळायला २४ हव्यात. एका टोकाला कपिल, दुसऱ्या टोकाला नरेंद्र हिरवाणी, ज्याच्या फलंदाजीवर त्याच्या आईनंही पैसे लावले नसते. गोलंदाजीला तोच, वानखेडेवर कपिलचा बळी घेणारा एडी हेमिंग्ज. कपिलनं आकडेमोड केली. एकेरी धावा काढत बसलो तर हिरवाणी समोर येणार. चोवीस म्हणजे चार षटकार. मारला सरळ. मारला पुन्हा. तिसरा. चौथा. चारही साइटस्क्रीनच्या दिशेनं, सलग चार चेंडूंवर.

पुढच्याच षटकात हिरवाणी पायचीत झाला.